ऑइल खाल्लं कोणी?

माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या वह्या उघडायच्या, त्यातल्या पैशाचं काय झालं ते शोधायचं, सापडलं नाही की समासात लाल शाईनं ‘खुलासा व्हावा’ असं लिहायचं आणि पुढच्या तालुक्याची बस पकडायची. खुलासा क्वचितच यायचा. पण लिहिल्याचं समाधान मिळायचं, आणि दौऱ्याचा भत्ताही. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, लाल रंगाशी आपला संबंध संपला. तीन वर्षांनी गोंदियाच्या फुलचूर नाक्यावर वळताना माझ्याच गाडीच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागला.

त्या दिव्यात एक चित्र असतं. इतकी वर्षं मी त्याला अल्लाउद्दीनचा दिवा समजत होतो. ती ऑइलची बुधली आहे, चोचीला एक थेंबसुद्धा लोंबतो आहे. वळण संपलं, दिवा विझला. दुसऱ्या दिवशी जयस्तंभ चौकात वळताना लागला, सरळ झालो तर पुन्हा विझला. वळणावर निघालेला आणि सरळ झाल्यावर मिटलेला आक्षेप गंभीर नसतो, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव. मी चार दिवस तसाच फिरलो.

पाचव्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो ते खरं तर हॉर्नसाठी. बोलता बोलता दिव्याचं सांगितलं. त्याच्या हातातला पाना खाली आला.

“बाबूजी, काडी कधी काहाडून पाह्यली होती?”

काडी म्हणजे डिपस्टिक. बॉनेटखाली एक पिवळी कडी असते हे मला माहीत होतं. ती ओढायची असते हे माहीत नव्हतं. मिस्त्रीनं काडी ओढली, फडक्यानं पुसली, परत घातली, परत काढली आणि उन्हात आडवी धरली. टोकाशी दोन खुणा होत्या. खालच्या खुणेच्याही खाली, पार शेंड्याला, काजळ लागावं तेवढा ओलावा.

“कोरडी ठन्न. गाडीत आइल नाही जी.”

मग त्यानं मला जे सांगितलं ते ऐकून माझ्याच इंजिनाचा दाब वाढला. तो दिवा ऑइल किती आहे हे सांगतच नाही. ऑइलचा दाब पुरेसा आहे की नाही तेवढं सांगतो. खालच्या चेंबरमध्ये ऑइल इतकं उतरलं होतं, की वळणावर ते एका कडेला सरकायचं, पंपाची जाळी उघडी पडायची आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढायचा. तेवढे दोन-तीन क्षण आतलं लोखंड लोखंडावर कोरडं घासायचं. म्हणजे दिवा लागला त्याला सूचना म्हणू नये, तो पंचनामाच. मी त्याच्यावर चार दिवस ‘नोंद घेतली’ एवढाच शेरा मारून फिरलो होतो.

गाडीत त्या दिवशी दोन लिटरच्या वर ऑइल मावलं. तिचा पूर्ण खुराकच साडेतीन लिटरांचा. मागच्या वर्षी भरलं होतं साडेतीन. मधले दोन लिटर गेले कुठे? जमिनीवर थेंब नाही, इंजिनावर ओघळ नाही, माझ्याकडे पावती नाही. माझ्या आयुष्यात असा अपहार मी पाहिला नव्हता.

एक भाषेची गोष्ट मला तेव्हा लक्षात आली. गाडी पेट्रोल पिते असं आपण म्हणतो, पण ऑइल मात्र ती ‘खाते’. दोन्ही पातळ, मग एक पेय आणि एक खाद्य का? मला वाटतं, पेट्रोल पिणं हा तिचा हक्क आहे. काटा दिसतो, पंपावर आकडा दिसतो, सगळं उघड. खाणं म्हणजे जे मधल्या मधे, कोणाला न दिसता नाहीसं होतं ते. पैसेही लोक खातातच, पैसे प्यायलेला माणूस मला एकाही वहीत भेटला नाही.

गाडीची कंपनी सांगत नाही. अठरा वर्षं संसार केल्यावर माणसानं माहेर काढू नये. २००७ सालच्या जूनमध्ये घेतली, नंबर एमएच-३५. आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला, म्हणजे ही जिल्ह्याहून आठ वर्षांनी धाकटी, पण दिसायला ती जास्त थकलेली. तिच्यावरून मी आठही तालुके पाहिले आहेत. एक लाख अडतीस हजार किलोमीटर चाललेल्या बाईला ‘तू दोन लिटर ऑइल खाल्लंस’ असं एकदम म्हणवेना. रीतसर चौकशी करायचं ठरवलं.

चौकशीचा पहिला नियम, आधी गळती पाहायची. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. मिस्त्रीनं जागा सांगितल्या होत्या: वर टॅपेट कव्हरचं पॅकिंग, खाली चेंबरचं पॅकिंग, पुढे-मागे क्रँकची सील. सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा काळा डाग! मी वही काढली, डागाचं माप घेतलं. तेवढ्यात दूधवाला परत आला, त्यानं मोटारसायकल नेहमीच्या जागी, म्हणजे पुठ्ठ्याच्या कडेवर लावली आणि तिच्यातून दुसरा रुपया पडला. दूधवाल्याला बोलून उपयोग नव्हता. त्याची मोटारसायकल निदान गळून सांगते तरी.

सौ.चं म्हणणं, गाडीचा डाग आमच्या अंगणात कधी नव्हताच. “मी रोज झाडते ना इथं. तुमची गाडी थेंब टाकत असती तर मी तिला अठरा वर्षं फाटकाच्या आत घेतली असती काय?” यावर आमचं फाटक जोरात करकरलं. ते उघडताना आणि मिटताना दोन वेगळ्या सुरांत करकरत असे, आणि दोन्ही सुरांत माझ्या नावानं. ‘बिजागरीला काहीतरी लावा’ हे मी दोन पावसाळे ऐकत होतो. पण चौकशी चालू असताना मधे दुसरी कामं घेत नाहीत.

गळती नाही, म्हणजे जळती. ऑइल जळतं तेव्हा धूर निळा येतो. काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा येतच राहिला तर रेडिएटरचं पाणी आत शिरतंय. ऐकायला हे राष्ट्रध्वजासारखं सोपं आहे. पण आपल्या गाडीचा धूर आपल्याला दिसत नाही, तो मागच्याला दिसतो. म्हणून सुट्टीला आलेल्या जवाईबापूंना त्यांच्या गाडीनं मागे यायला सांगितलं. ते पुण्याचे. त्यांची गाडी नवी, ऑइल शून्य-वीस ग्रेडचं, पाण्यासारखं पातळ. नोव्हेंबर महिना होता. धान कापून झालेलं, बांध्या मोकळ्या, कुठे धुऱ्यावरचं गवत पेटवलेलं, कुठे तणसाचे ढीग धुमसत होते, राइस मिलच्या चिमण्या आपल्या कामाला लागलेल्या. गोरेगावपर्यंत जाऊन आलो.

“बाबा, धूर आहे,” जवाईबापू म्हणाले.

“निळा?”

“सगळीकडे आहे.”

धानाच्या जिल्ह्यात, धानाच्या हंगामात, अमुक धूर अमक्याचा हे सिद्ध करणं फार कठीण. पुढच्या फेरीत मात्र त्यांना एक दिसलं. सकाळी गाडी चालू करताच एक छोटा निळसर झुपका निघतो, मग काही नाही. हे ऐकून मिस्त्री खूश झाला. बऱ्याच महिन्यांनी त्याला बरा रोगी मिळाला होता.

“सीलं गेले बाबूजी. वाल्वचे. रातभर थेंब थेंब खाली उतरते, सकाळी जरते.” (आमच्या झाडीपट्टीत ‘ळ’ बोलायची चाल नाही. निळा तो निरा, काळा तो कारा, आणि जळतं ते जरतं. जळून गेलेल्या ऑइलला ‘जरेल’ म्हटलं की ते थोडं कमी गेल्यासारखं वाटतं.) व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराची छोटीशी टोपी असते. उष्णतेनं ती वर्षागणिक कडक होत जाते आणि मग ऑइल अडवण्याऐवजी वाट देते. जागेवरचा माणूस म्हातारा आणि ताठ झाला की फाइल त्याच्या बाजूनं सरकते, तसंच.

पण दुसराही संशयित होता. पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात, सगळ्यात खालची सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून परत खाली पाठवते. तिच्या खाचांत काजळी बसली की ती आखडते, खरवडायचं सोडून देते, आणि ऑइलचा पातळ थर वर स्फोटाच्या खोलीत राहतो. मग दोष सीलचा की रिंगचा? मिस्त्रीनं कसोटी सांगितली. लांब उतारावर गिअरमध्ये, पाय काढून गाडी सोडायची आणि खाली आल्यावर एकदम रेस द्यायची. तेव्हा भपकारा आला तर सील. चढावर जोर लावताना येतच राहिला तर रिंग.

उत्तम. फक्त गोंदियात उतार कुठून आणायचा? इकडे जमीन अशी सपाट, की पाणी बांधीत सोडलं तर कुठे जावं या विचारात तिथंच उभं राहतं. उतार म्हणून आम्ही रेल्वेवरच्या पुलाचाच वापर करतो, आणि त्या पुलावर मागून ट्रक येत असताना कसोटी घेण्याची छाती माझ्यात नाही. शेवटी मिस्त्रीला घेऊन आमगाव-सालेकसा करून दरेकसाच्या डोंगरात गेलो. हाजरा फॉलला जाणारी पोरं मोबाइलवर धबधबा टिपत होती. आम्ही दोघं प्रौढ माणसं आरशांतून मागच्या धुराकडे टक लावून बसलो होतो. उतरताना भपकारा आला. चढतानाही आला.

“दोनी गेले,” मिस्त्री समाधानानं म्हणाला. गॅरेजला येऊन त्यानं प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजला. तिसऱ्याचा बराच कमी. मग त्याच्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजला, तर काटा वर चढला. ऑइलनं रिंगच्या फटी घटकाभर बुजवल्या, म्हणजे रिंगचा दोषही पक्का. रोग ओळखायला रोग्याला त्याचीच आवडती वस्तू चमचाभर पाजायची, ही तपासणीची पद्धत मला आमच्या खात्यात फार उपयोगी पडली असती.

आता हिशेब. मी वही घातली होती: तारीख, किलोमीटर, ऑइल टाकलं किती. तीन महिन्यांत आकडा स्थिर झाला. सातशे किलोमीटरला एक लिटर. एका रात्री झोप येईना म्हणून मी तो लिटर सोडवायला घेतला. ताशी पन्नासच्या वेगानं सातशे किलोमीटर म्हणजे चौदा तास. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे धरले तर एकवीस लाख फेरे. चार सिलिंडर, प्रत्येक फेऱ्यात दोन ठिणग्या, एकूण बेचाळीस लाख स्फोट. एका लिटरचे थेंब साधारण वीस हजार. म्हणजे एका थेंबात दोनशे दहा स्फोट! एका स्फोटात एका थेंबाचा दोनशे दहावा हिस्सा. रात्री दोन वाजता मी सौ.ला उठवून हे सांगितलं. आयुष्यभर मी लाखांच्या खोट्या बिलांमागे धावलो, आणि खरी कला ही होती: इतकं थोडं, इतक्या वेळा, की एकाही व्यवहारावर बोट ठेवता येऊ नये.

“मग त्यात वाईट काय?” सौ. कूस बदलत म्हणाली. “एवढंसं तर कोनीही खाते.”

काही कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्ध्यापासून एक लिटरपर्यंत ऑइल जाणं चालण्यासारखं म्हटलेलं असतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे खाण्यालाही मंजूर मर्यादा आहे. माझी गाडी ती थोडीशीच ओलांडत होती.

गावात बातमी पसरल्यावर सल्ले सुरू झाले. पहिला, ऑइल जाड टाका. विसा-चाळीसऐवजी विसा-पन्नास. यातला पुढचा आकडा थंडीतला आणि मागचा तापलेल्या इंजिनातला, हे सल्ला देणाऱ्यालाही माहीत नसतं. थंडीच्या आकड्याचा आमच्याकडे काय संबंध असं म्हणणाऱ्यानं जानेवारीत गोंदियात एक रात्र काढावी. विदर्भात सर्वांत कमी तापमान गोंदियात, ही बातमी दर हिवाळ्यात छापून येते, आणि मे महिन्यात आम्ही पंचेचाळीसलाही पोचतो. एकाच ऑइलनं दोन्ही सोसायचं. जाड ऑइल टाकलं, महिनाभर खाणं जरा कमी झालं, आणि मग हिवाळ्याच्या पहाटे गाडी अशी कण्हत उठायला लागली की शेजारचे लोक आमच्या घरात कोणाला बरं नाही का म्हणून विचारून गेले.

दुसरा सल्ला बाटलीतल्या औषधाचा. ऑइलमध्ये ओता, धूर बंद. बाटलीवर चित्ता होता. औषध ओतल्यावर धूर थांबला नाही, पण चित्त्याच्या किमतीत दीड लिटर ऑइल आलं असतं, हे वहीत लिहिलं आहे.

तिसरा सल्ला आमच्या गावाकडच्या मामाजींचा, तो मात्र माझ्या मनात राहिला. ते म्हणाले, “एरंडीचं तेल टाक गा. आमी खाचराच्या आसाले तेच लावत होतो.” सगळे हसले. पण त्या हसण्यात अज्ञान होतं. पहिल्या महायुद्धातल्या कितीतरी विमानांची इंजिनं एरंडेलावरच चालायची. ती इंजिनं पंख्यासकट स्वतःभोवती फिरायची, आणि आत गेलेलं एरंडेल वंगणाचं काम करून जळक्या वाफांबरोबर सरळ बाहेर पडायचं, परत यायचंच नाही. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, हा त्याचा गुण. त्या वाफा तोंडावर घेत उडणाऱ्या वैमानिकांच्या पोटांचं काय व्हायचं, हे लहानपणी आजीच्या हातून एरंडेल घेतलेल्या कोणालाही सांगायला नको. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा ‘कॅस्टर’ म्हणजे एरंडेलावरूनच आलेलं आहे. मामाजी शंभर वर्षं उशिरा बोलले होते एवढंच. त्यांना मी हे सगळं सविस्तर सांगितलं तेव्हा ते मधेच उठून गेले. एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात ते हेच असावं.

विमानांचा आणखी एक धागा आमच्या डोक्यावरच आहे. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आता तिथं वैमानिक घडवतात, आणि त्यांची छोटी पंख्याची विमानं दिवसभर गोंदियाच्या आभाळात गिरक्या घेतात. अशा विमानांत उडण्याआधी, प्रत्येक वेळी, शिकाऊ वैमानिक इंजिनाचं झाकण उघडून डिपस्टिक पाहतो. पिस्टनचं विमान थोडं ऑइल खाणारच हे तिथं धरूनच चालतात. हे ऐकल्यापासून माझी मान थोडी वर झाली. मी रोज सकाळी चहाआधी फडकं घेऊन अंगणात जातो. गाडी सपाटीवर, इंजिन थंड, काडी ओढायची, पुसायची, घालायची, ओढायची. त्या वेळी वरून विमान गेलंच तर मी त्याच्याकडे एका व्यावसायिकानं दुसऱ्याकडे पाहावं तसं पाहतो.

बाहेरगावी हा विधी रस्त्याच्या कडेला करावा लागतो. गोंदिया तालुक्यात तळ्याच्या बाजूला गाडी थांबवून कोणी वाकलं की लोकांना वाटतं सारस दिसला. राज्यात हा पक्षी मुख्यतः आमच्याच भागात उरला आहे, त्यामुळे उत्साह समजण्यासारखा. एकदा माझ्यामागे तीन मोटारसायकली आणि एक जीप थांबली. एकानं कॅमेरा काढला आणि कुजबुजत विचारलं, “कोठी हाये जी?” मी काडी दाखवली. नवेगावबांधला जाताना कोहमाऱ्याला थांबणं तर ठरलेलंच. तिथं आम्ही भजी खातो आणि गाडी ऑइल. डिकीत एक लिटरचा डबा, अर्धी कापलेली पाण्याची बाटली हे नरसाळं, आणि जुनं धोतर.

सरकारदरबारीही तिचं वय निघालं. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्याची फी पूर्वी सहाशे रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली. माझ्या गाडीला पंधरा वर्षं पुरी झाली जून २०२२ मध्ये. दोन महिन्यांनी चुकली. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत वेळेवर असलेल्या गाडीनं म्हातारं व्हायला तेवढा उशीर केला. वर पर्यावरण कर वेगळा. पीयूसी मात्र दर वेळी मिळते, आणि त्यात लबाडी काही नाही. पेट्रोल गाडीच्या नळीत यंत्र कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतं. गाडी तापली की निळा झुपका विरलेला असतो, आकडे कसेबसे मर्यादेत बसतात. रंगाचा रकाना त्या कागदावर नाही.

मग इंजिन खोलायचं का, हा प्रश्न. मिस्त्रीनं अंदाज दिला: हेड उतरवणं, सील, रिंगा, होनिंग, पॅकिंग, मजुरी, सगळं मिळून अठ्ठावीस हजार, आणि आत काही ‘निघालं’ तर वर. मी वही उघडली. वर्षाला सहा हजार किलोमीटर, ऑइल साडेआठ लिटर, साडेतीनशेनं तीन हजार रुपये. अठ्ठावीस हजार भागिले तीन हजार, नऊ वर्षांहून जास्त. तोवर गाडी राहील की मी, हा प्रश्न बेरजेत धरला नव्हता.

“खोलू नोका, बाबूजी,” मिस्त्रीच म्हणाला. “जुनं इंजन खोललं का चारखूट निंगते. चालते तंवर टाकत राहा. फक्त फिल्टर बदलत जा. अन् काडी पाह्यत जा.” स्वतःचं अठ्ठावीस हजारांचं काम नाकारणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. वहीत त्याच्या नावापुढे टीप लिहिली: ‘विश्वासार्ह.’

ऑइल बदलायचं असं आता काही राहिलंच नाही. रोज नवं जातं, रोज जुनं जळतं. चेंबरमध्ये जे असतं ते चालू वर्षाचंच. याचा फटका आमच्या शेजारच्या काकाजींना बसला. त्यांच्या जुन्या सागवानी चौकटीला उधई लागते, आणि उधईवर जळकं ऑइल हा त्यांचा खानदानी इलाज. पूर्वी मी ऑइल बदललं की चार बाटल्या काळं ऑइल त्यांच्याकडे जायचं. आता ते कुंपणावरून विचारतात, “बाबूजी, जरेल आइल निंगलं का जी?” आणि मी मान हलवतो. “औंदाबी नाही? सबन खाल्लन का तिनं?” त्यांच्या नजरेत गाडीबद्दल तेव्हा जे दिसे, ते मी खात्यातही कोणाच्या नजरेत पाहिलं नव्हतं.

यंदाच्या पावसाळ्यात मात्र वहीतला आकडा बिघडला. मे महिन्यापर्यंत सातशेला एक डबा जात होता. जूनमध्ये सहाशे. जुलैत साडेपाचशे. ऑगस्ट संपताना साडेचारशेला डबा रिकामा. मी आलेख काढला. तो दरेकसाच्या उतारासारखा खाली येत होता. साडेचारशेच्या हिशेबानं वर्षाला साडेचार हजारांच्या वर ऑइल, म्हणजे इंजिनाचे पैसे सहा वर्षांत फिटतात. शिवाय याच गतीनं गेलं तर पुढच्या उन्हाळ्यात गाडी पेट्रोलपेक्षा ऑइलच जास्त मागेल. मी मिस्त्रीला फोन करून तारीख घेतली. बँकेतून पैसे काढले. गणपती झाले की इंजिन खोलायचं.

मिस्त्रीनं गाडी नेण्याआधी पुन्हा दाब मोजला. वर्षापूर्वी होता तेवढाच. त्यानं डोकं खाजवलं. “बाबूजी, इंजन होतं तसंच हाये. साडेचारशे कसे म्हनता?”

“वही आहे माझ्याकडे. डब्यावरून लिहितो मी. एक डबा संपला की एक नोंद.”

“डबा कोठी ठेवता?”

डबा पावसाळ्यात डिकीला गंज नको म्हणून मी पडवीत ठेवत होतो, फाटकाजवळच्या कोनाड्यात. घरी आलो. पाऊस थांबला होता. फाटक ढकललं, आत आलो, लावलं, आणि तिथंच थांबलो. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. दोन्ही सूर गायब होते.

“कधीपासून करकरत नाही हे?”

“तीन महिने झाले,” सौ. आतून म्हणाली. “तुमच्या डब्यातलं लावते मी बिजागऱ्यांना. विहिरीच्या रहाटालाबी लावलं. पोराच्या सायकलच्या चेनीलाबी. अन् काकाजींची चौकट उधईनं पार पोकळ केली हो, बिचारे रोज विचारत होते, जळकं नाही म्हणून त्यांना नवंच देऊन राहिली मी. दर पंधरवड्याला एक पेला. पहिल्यांदा सोनेरी ऑइल पाहिलं तर त्यांनी तेलकट बोट कपाळाला लावून नमस्कार केला.”

कुंपणापलीकडे काकाजी चौकटीला कुंचला मारत होते. मला पाहून त्यांनी पेला वर करून दाखवला. चौकट शिसवीसारखी चमकत होती.

मी वही काढली. जून ते ऑगस्टच्या नोंदींवर लाल शाईनं आडवी रेघ मारली, गाडीच्या नावावरचा फरक वजा केला, आकडा पुन्हा सातशेवर आणला. उरलेल्या ऑइलसाठी नवा रकाना आखायला लागला. त्याला नाव काय द्यावं हे सुचेना. शेवटी, आठही तालुक्यांत मी आयुष्यभर ज्या शब्दावर आक्षेप घेतला तोच लिहिला: ‘इतर किरकोळ’. मग मिस्त्रीला फोन केला आणि तारीख रद्द केली.

“बरं केलं,” तो म्हणाला. “अन् बाबूजी, त्या हॉर्नचं काय करता?”